दसऱ्याला गाडी येतेय, शोरूमचं ‘पेंट प्रोटेक्शन’ घ्यावं का?

माजघर | २४ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमच्या घरातली पहिली चारचाकी येतेय. आम्ही रत्नागिरीपासून बारा-तेरा किलोमीटरवर गावात राहतो. अंगण आहे, गॅरेज नाही, त्यामुळे गाडी हापूसच्या कलमाखाली उभी राहणार. चार मीटरच्या आतली एसयूव्ही, रंग गडद निळा. डिलिव्हरी दसऱ्याला, २ ऑक्टोबरला ठरली आहे.

काल उरलेल्या पैशांचं विचारायला शोरूममध्ये गेलो, तर कोटेशनचा नवा कागद हातात दिला. बुकिंगच्या दिवशी त्यात नव्हती अशी एक ओळ आता आली आहे: ‘प्रोटेक्शन पॅकेज ३४,९००’. फोड मागितल्यावर पेनाने लिहून दिली. सिरॅमिक कोटिंग २२,०००, अंडरबॉडी कोटिंग ५,५००, सायलेन्सर कोटिंग १,९००, आतलं जंतुनाशक फवारणीचं काम २,५००, उंदरांची जाळी ३,०००.

तिथला मुलगा बोलायला चांगला होता. म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे समुद्राची हवा. हल्ली कंपनीचा रंग पातळ येतो, दोन वर्षांत तेज जाईल.” नको म्हटलं तर म्हणाला, “दसऱ्याला गाड्या खूप आहेत, पॅकेजवाल्या गाड्या आधी तयार होतात.” ह्यांचं म्हणणं, एवढी दहा लाखांची गाडी घेतोय, पस्तीस हजारांसाठी कशाला अडायचं, कर्जातच घालू. सासऱ्यांना मात्र ते अजिबात पटत नाही. मी शिक्षिका आहे. पस्तीस हजार म्हणजे काय हे मला माहीत आहे, पण रंगातलं मला काही कळत नाही. ह्यातलं खरोखर उपयोगाचं काय आणि टाळण्यासारखं काय, हे कुणी अनुभवाने सांगेल का? शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

---

हिशेबी | २४ सप्टेंबर, रात्री १०.१५

ताई, अभिनंदन. रंगाचं जाणकार सांगतील, मी आकडा सांगतो. ३४,९०० कर्जात घातले आणि व्याज ९.५ टक्के, मुदत सात वर्षं धरली, तर हप्ता महिना ५७० रुपयांनी वाढतो. ८४ हप्त्यांत ते सुमारे ४७,९०० होतात. म्हणजे पॅकेजची खरी किंमत ही. ‘पाच-सहाशे रुपयांचा तर फरक आहे’ असं सांगून हे गळी उतरवतात.

आणखी एक. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. तुमची गाडी चार मीटरच्या आत आहे, इंजिनही मर्यादेत बसत असेल तर तुमच्या कोटेशनात किंमत उतरलेली दिसेल. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून बघा. उतरलेल्या किमतीचा काही भाग ह्या नव्या ओळीत परत जातोय का, ते दिसेल.

---

माजघर | २४ सप्टेंबर, रात्री १०.५०

आत्ताच दोन्ही कागद काढून बघितले. किंमत उतरलीच आहे. आणि पॅकेजची ओळ बरोबर त्याच्या खाली आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

रंगशाळा | २४ सप्टेंबर, रात्री ११.३०

मी अकरा वर्षं चाकणला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘कंपनीचा रंग पातळ येतो’ हे वाक्य अर्धं खरं आहे आणि ते भीती घालायला वापरलं जातं. गाडीचा पत्रा आधी धुऊन त्यावर फॉस्फेटचा थर देतात. मग आख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर बसवतात, त्याला ईडी कोट म्हणतात. दरवाजाच्या आतल्या खोबणीत, चॅसिसच्या पोकळीत, जिथे कुणाचा ब्रश पोचणार नाही तिथेही तो बसतो, आणि १७० अंशांच्या आसपास भट्टीत भाजला जातो. गंजापासून खरं संरक्षण तिथे होतं. त्यावर पुढचे थर: सरफेसर, रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात, त्यातला क्लिअर ३५ ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. पातळ आहे, पण एवढ्याच रंगावर नीट ठेवलेल्या गाड्या पंधरा-पंधरा वर्षं कोकणात फिरताना मी बघितल्या आहेत.

आता सिरॅमिक. हे सिलिकाच्या कुळातलं द्रव रसायन आहे. रंगावर पुसून लावलं की त्याचा काचेसारखा थर धरतो. जाडी किती? एक-दोन मायक्रॉन. एवढ्या थराने दगड अडत नाही, किल्लीचा ओरखडा अडत नाही, शेळीचं शिंग तर नाहीच नाही. शोरूममध्ये ‘नाइन एच’ सांगतात, ती पेन्सिलच्या कडकपणाची मोजपट्टी आहे. ९ क्रमांकाच्या कडक पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळू-सिमेंटच्या धुळीतला क्वार्ट्‌झ काचेवरसुद्धा ओरखडा पाडतो, त्याच्यापुढे हा थर काय टिकणार.

मग सिरॅमिकचा उपयोग काय? गाडी धुवायला सोपी जाते. चिखल, पक्ष्यांची घाण, चिकटा लवकर सुटतो. उन्हाने क्लिअर कोट म्हातारा होण्याचा वेग थोडा कमी होतो. चमक येते. नीट लावलेलं काम दोन-तीन वर्षं जाणवतं. पण ‘नीट लावलेलं’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. आधी गाडी धुवायची, क्ले बार, म्हणजे मऊ मातीसारखी वडी, फिरवून रंगात रुतलेली घाण काढायची, यार्डात उभी असताना पडलेल्या बारीक रेषा पॉलिशने काढायच्या, मगच कोटिंग. त्यानंतर निदान २४ तास पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर साबण नाही. ह्यात दीड-दोन दिवस जातात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शोरूमच्या वॉशिंग रॅम्पवर, रांगेत वीस गाड्या उभ्या असताना हे काम कोण आणि कसं करणार, एवढं त्यांना विचारा. रेषा न काढता लावलं तर त्या रेषा थराखाली कायमच्या राहतात. गडद निळ्या रंगावर तर दुपारच्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतील.

---

विदर्भी_ऊन | २५ सप्टेंबर, सकाळी ७.०५

रंगशाळा साहेबांचं बाकी सगळं मान्य, पण सिरॅमिकची बाजू मी मांडतो. नागपूर, काळी सेडान, उघड्यावर उभी, मे महिन्यात ४५ अंश. २०२२ मध्ये बाहेरच्या डिटेलरकडून, म्हणजे गाड्यांचं पॉलिश-कोटिंगच करणाऱ्याकडून, करून घेतलं, अठरा हजार रुपये. त्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली होती. आज तीन वर्षांनी शेजारच्या त्याच वयाच्या काळ्या गाडीशेजारी माझी उभी करा, फरक लांबून कळतो. रविवारी धुवायला अर्धा तास पुरतो. मला गाडी स्वच्छ ठेवायला आवडतं, म्हणून माझे पैसे वसूल झाले. त्यामुळे ‘कोटिंग म्हणजे फसवणूक’ असं सरसकट म्हणू नये. कोण लावतंय, ह्यावर सगळं आहे.

---

रंगशाळा | २५ सप्टेंबर, सकाळी ७.४०

अगदी मान्य. मी वस्तूच्या विरुद्ध नाही, रॅम्पवरच्या घाईच्या विरुद्ध आहे.

---

बोअरवेल | २५ सप्टेंबर, सकाळी ९.२०

एक गोष्ट कुणी सांगत नाही. सिरॅमिकवर पाण्याचे गोल थेंब उभे राहतात, व्हिडिओत छान दिसतात. तुमच्याकडे क्षाराचं बोअरचं पाणी असेल आणि गाडी उन्हात धुऊन तशीच सोडली, तर तेच थेंब वाळून पांढरे गोल डाग पडतात. आमच्याकडे लातूरला हेच झालं. साध्या साबणाने निघत नाहीत. व्हिनेगर पाण्यात घालून हळूहळू काढावे लागले. कोटिंग असो वा नसो, सावलीत धुवा आणि लगेच कोरडी पुसा.

---

शोरूम_सोडलं | २५ सप्टेंबर, दुपारी १.१०

मी सहा वर्षं सेल्समध्ये होतो. कुठल्या शोरूममध्ये ते लिहीत नाही. आतलं गणित सांगतो, कारण समोरच्या मुलाचा राग करू नये असं मला वाटतं.

गाडीच्या किमतीवर डीलरला फारसं उरत नाही. जे उरतं ते विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि ही असली पॅकेजेस ह्यांत. आमच्याकडे दर महिन्याला प्रत्येकाला टार्गेट असायचं, इतक्या गाड्यांमागे इतकी पॅकेजेस. नाही झालं तर इन्सेंटिव्ह कापला जायचा, कधीकधी सगळाच. त्यामुळे त्या मुलाने ‘पॅकेजवाल्या गाड्या आधी’ असं म्हटलं, ते त्याला वरून शिकवलेलं वाक्य आहे. मीही म्हणायचो. डिलिव्हरीच्या तारखेशी पॅकेजचा काहीही संबंध नसतो. गाडी आली, पैसे जमा झाले, विमा झाला, आरटीओची नोंदणी झाली, पीडीआय म्हणजे ताबा देण्याआधीची तपासणी झाली की गाडी तयार. उलट कोटिंग असलेल्या गाडीला जास्त वेळ लागायला हवा. तेवढा वेळ लागत नाही, ह्यातच काय ते समजा.

सिरॅमिकला आम्ही जे साहित्य वापरायचो त्याची छोटी बाटली यायची. एका गाडीचं साहित्य आणि लावणाऱ्या पोराची मजुरी मिळून तीन-साडेतीन हजारांच्या वर मी कधी बघितली नाही. बाकीचं मार्जिन.

आणि ‘तीन वर्षांची वॉरंटी’ असं कार्ड देतात, ते उलटं करून वाचा. आमच्या कार्डावर दर सहा महिन्यांनी त्याच वर्कशॉपमध्ये येऊन पैसे भरून मेंटेनन्स कोट करायची अट होती. एक चुकला की वॉरंटी संपली. पक्ष्यांची घाण, झाडाचा चीक, दगड, ओरखडे, खारं पाणी हे सगळं वगळलेलं. ज्या गोष्टींच्या भीतीने माणूस ते घेतो, नेमक्या त्याच.

---

समुद्रकाठ | २५ सप्टेंबर, रात्री ८.३०

मी वेंगुर्ल्याचा. माझं मत जरा वेगळं. सिरॅमिक सोडा, पण अंडरबॉडी कोटिंग कोकणात घ्यायलाच हवं. आमच्या जुन्या व्हॅनचा खालचा पत्रा आठ वर्षांत हाताने मोडेल एवढा कुजला होता. किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटरवर घर, रात्रभर खारं दव पडतं. ताई, ५,५०० जास्त आहेत, घासाघीस करा, पण हे सोडू नका.

---

पत्रा_रंग_गॅरेज | २५ सप्टेंबर, रात्री ९.१५

समुद्रकाठ दादा, तुमची व्हॅन किती सालची होती?

---

समुद्रकाठ | २५ सप्टेंबर, रात्री ९.२२

१९९९.

---

पत्रा_रंग_गॅरेज | २५ सप्टेंबर, रात्री १०.०५

तेच विचारायचं होतं. माझं सांगलीला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, वडिलांपासून. तेव्हाचा पत्रा आणि आजचा पत्रा ह्यांत फरक आहे. आज बऱ्याच गाड्यांना खालच्या भागात जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असतो, वर ईडी कोट, शिवाय सांध्यांवर सीलर आणि चाकांच्या कमानीत पीव्हीसीचा जाड थर कारखान्यातूनच येतो. रॅम्पवर गाडी चढवून खाली वाकून बघा, राखाडी किंवा काळा रबरासारखा थर दिसेल.

शोरूमवाले त्यावर डांबराच्या जातीचं काळं रसायन फवारतात. चांगलं काम झालं तर फायदा होतो, नाही असं नाही. आवाजही थोडा कमी होतो. पण मी उघडलेल्या गाड्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा बघितल्या. एक, खाली नीट न धुता, ओलसर पत्र्यावरच फवारलेलं. ओल आत कोंडते आणि वरून काळं छान दिसत असताना आतून गंज चालू. दोन, दरवाजाच्या आणि रनिंग बोर्डच्या खालच्या पाणी निघायच्या भोकांवर मारून ती बुजवलेली. मग पावसाळ्यात दरवाजात पाणी साठतं, हलवला की खळखळ वाजतं, आणि दरवाजा आतून कुजतो. तीन, सायलेन्सरवर आणि हँडब्रेकच्या वायरीवर उडालेलं, त्याचा महिनाभर जळका वास.

सायलेन्सर कोटिंगचं एका ओळीत सांगतो. सायलेन्सर बहुतेक वेळा आतून कुजतो. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत आतली वाफ गार होऊन पाणी धरतं. बाहेरून रंग मारून त्याला काय उपयोग?

माझा सल्ला: आत्ता काही करू नका. पहिला पावसाळा जाऊ द्या. पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सगळं कोरडं झाल्यावर, ओळखीच्या माणसाकडे लिफ्टवर चढवून खालून प्रेशरने धुवा, दोन दिवस वाळवा, मग भोकं टेपने बंद करून, उभं राहून आपल्या डोळ्यांसमोर कोटिंग करून घ्या. शक्यतो मेणाच्या जातीचं, जे वाळून तडकत नाही. आणि समुद्रावर वाळूत गाडी घालू नका. गेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. मीठ पत्र्यावर बसून राहिलं की कुठलंही कोटिंग कमी पडतं.

---

समुद्रकाठ | २५ सप्टेंबर, रात्री १०.३०

दरवाजात पाणी खळखळण्याचं वाचून उठून गाडीकडे गेलो. २०२१ ला घेतलेली गाडी, शोरूममध्येच अंडरबॉडी केलेली. मागच्या डाव्या दरवाजाची दोन भोकं खरंच बुजलेली आहेत. उद्या खिळ्याने मोकळी करतो. धन्यवाद. ‘घ्यायलाच हवं’ हे माझं म्हणणं मी मागे घेतो, ‘बघून घ्या’ असं म्हणतो.

---

पत्रा_रंग_गॅरेज | २५ सप्टेंबर, रात्री १०.३८

खिळ्याने नको, रंग खरवडेल. झाडूची काडी किंवा प्लास्टिकची केबल टाय वापरा.

---

जुनी_सवय | २६ सप्टेंबर, सकाळी ८.००

टेफ्लॉन कोटिंग कसं वाटतं? आमच्या शोरूमने सिरॅमिक नको म्हटल्यावर ४,५०० मध्ये टेफ्लॉन देऊ केलं.

---

रंगशाळा | २६ सप्टेंबर, सकाळी ८.५०

टेफ्लॉन हे पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचं व्यापारी नाव. ते वितळतं ३२७ अंशांच्या आसपास. तव्यावर बसवताना त्याच्याही वर तापवून पक्कं करतात, म्हणून ते धरतं. गाडीचा रंग तेवढा तापवला तर जळून जाईल. मग हाताने पुसून लावलेल्या पॉलिशमध्ये टेफ्लॉनची पूड असली काय आणि नसली काय, ती रंगाला चिकटणार कशी? तुम्हाला जे मिळतं ते मुळात चांगलं मेणाचं पॉलिश असतं. दोन-तीन महिने चमकतं. पाच-सहाशे रुपयांचा मेणाचा डबा आणा, वर्षभर पुरेल. रविवारी सकाळी घरातली मुलंसुद्धा आनंदाने लावतात.

---

हडसनपार | २६ सप्टेंबर, सकाळी ९.३०

न्यू जर्सीहून. इथेही हाच प्रकार आहे, फक्त खोली वेगळी. किंमत ठरली की तुम्हाला फायनान्सच्या माणसाच्या खोलीत नेतात. तिथे रंगाचं संरक्षण, सीटच्या कापडाचं संरक्षण, गंजरोधक, काचेवर नंबर कोरणं, असं एकेक पान उलटत जातात. माणूस दमलेला असतो, मुलं कंटाळलेली असतात, सही होऊन जाते. आमची पहिली गाडी घेताना आम्ही असेच ९०० डॉलर दिले. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याची भीती घातली होती.

इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये नियम केला होता, की ग्राहकाला काही फायदाच नाही अशा जोडवस्तूंचे पैसे लावायचे नाहीत, आणि स्पष्ट संमतीशिवाय काहीच लावायचं नाही. तो लागू होण्याआधीच डीलरांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर तो रद्द केला. तेव्हा कायदा होईपर्यंत ‘नाही’ आपणच म्हणायचं. त्या खोलीत जाताना मी आता एक वाक्य पाठ करून जाते: आज फक्त गाडी घेणार, बाकी घरी जाऊन ठरवू. ताई, तुम्हीही हेच म्हणा. गाडीवर कोटिंग पुढच्या महिन्यातही करता येतं, पुढच्या वर्षीही येतं. आजच करायला हवं असं ह्यात काही नाही.

---

काळा_कोट | २६ सप्टेंबर, दुपारी २.४५

भारतातलं सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४१). एक वस्तू देताना दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची अट घालणं ही ‘निर्बंधात्मक व्यापार प्रथा’ आहे. पॅकेज नाही तर डिलिव्हरी नाही, हे त्यात बसतं. विम्याचंही तसंच. विमा कुठून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं.

पण भांडायला जाऊ नका. बहुतेक वेळा गरज पडत नाही. एक ईमेल लिहा, साधी, मराठीत चालेल: ‘बुकिंगच्या कोटेशनमध्ये नसलेलं पॅकेज आम्हाला नको आहे. सुधारित कोटेशन पाठवावं. पॅकेज घेणं बंधनकारक असल्यास तसं लेखी कळवावं.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. तसं लेखी कुणी देत नाही. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात शुल्कही नाही; तुमची गाडी त्याच्या वर असल्याने थोडं शुल्क पडेल. पावत्या आणि तो पेनाने लिहिलेला कागद जपून ठेवा.

---

आडवाट | २६ सप्टेंबर, रात्री ९.००

पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. दगडांपासून रंग वाचवायचा असेल तर खरा उपाय तोच. पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे सगळ्या रंगापेक्षाही जाड. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून अशी फिल्म लावायला सुरुवात झाली. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाने तापून भरूनही येतात. मुंबई-गोवा महामार्गावर डंपरच्या मागे राहावं लागतं, तिथे माझ्या बंपरवर दगड बसतात आणि खूण फिल्मवरच राहते.

महाग आहे. आख्खी गाडी करायची तर ७०-८० हजारांपासून लाखाच्या वर. मी फक्त पुढचा बंपर, बॉनेटची पुढची पट्टी, आरसे आणि दरवाजाच्या कडा केल्या. दगड तिथेच बसतात. घेताना फिल्म टीपीयूची (लवचिक पॉलियुरेथेनची) आहे का हे विचारा. पीव्हीसीची स्वस्त फिल्म दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि काढताना गोंद मागे ठेवते.

---

रोजची_सोसायटी | २६ सप्टेंबर, रात्री ९.४०

शहरातल्या वाचकांसाठी एक मुद्दा. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे दादा एकाच बादलीत, एकाच फडक्याने बारा गाड्या पुसतात. धुळीवर कोरडं फडकं फिरतं. माझ्या गाडीवरच्या रेषा उन्हाने नाही, पावसाने नाही, त्या फडक्याने आल्या. आता मी त्यांना दोन मायक्रोफायबरची फडकी दिली आहेत आणि आधी पाणी मारायला सांगितलं आहे. महिना शंभर रुपये जास्त देते. ते आनंदाने करतात.

---

माजघर | २७ सप्टेंबर, सकाळी १०.१०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री आम्ही तिघांनी मिळून हा धागा वाचला. हप्त्याचा आकडा आणि त्या दोन कागदांचं वाचल्यावर हेच म्हणाले, की कर्जात नको. काळा_कोट ताईंचं ईमेल जवळजवळ जसंच्या तसं पाठवलं आहे. उंदरांची जाळी तेवढी घ्यावी का? आमच्याकडे उंदीर खरंच आहेत.

---

पत्रा_रंग_गॅरेज | २७ सप्टेंबर, सकाळी ११.००

जाळी उपयोगाची आहे, पण ३,००० ची नाही. बाहेर हजार-बाराशेत होते. स्टीलची घ्या, प्लास्टिकची उंदीर कुरतडतात. वायरिंगला भोकं पाडून बसवू देऊ नका.

---

माजघर | ४ ऑक्टोबर, रात्री ८.२०

काय झालं ते सांगते. ईमेलला उत्तर आलं नाही, शनिवारी संध्याकाळी फोन आला. मॅनेजर म्हणाले की पॅकेज बंधनकारक नाही, गैरसमज झाला असेल. सोमवारी सुधारित कोटेशन आलं, पॅकेजची ओळ गेली होती. पण मंगळवारी कळवलं की नोंदणीला उशीर झाला, गाडी दसऱ्याला मिळणार नाही. हे पॅकेज नाकारल्यामुळे झालं की खरंच उशीर होता, हे मला सिद्ध करता येणार नाही. वाईट वाटलं. सासूबाईंनी पूजेचं ताट, झेंडूची तोरणं सगळी तयारी केली होती. सासरे म्हणाले, आपट्याची पानं दुसऱ्या दिवशी वाळत नाहीत. काल, ३ तारखेला, गाडी घरी आली.

रंगशाळा काकांचं वाचून पीडीआयला सकाळी दहाला गेले होते, उन्हात गाडी फिरून बघितली. उजव्या मागच्या दरवाजावर यार्डातली बारीक रेष होती. लिहून घेतलं, त्यांनी तिथेच पॉलिशने काढून दिली. कोटिंग झालं असतं तर ती खालीच राहिली असती. घरी आणल्यावर दिवसा दरवाजांची भोकंही बघितली, सगळी मोकळी आहेत. समुद्रकाठ दादा, तुमची आठवण आली.

कोल्हापूरला आडवाट यांच्या सल्ल्याप्रमाणे फक्त पुढचा बंपर आणि दरवाजाच्या कडांना टीपीयू फिल्म लावायला दिली आहे, ११,५०० सांगितले. रोज शाळेच्या रस्त्यावर खडीचे डंपर असतात, तेवढं मला हवं होतं. सिरॅमिक आत्ता नाही. बाकी मेणाचा डबा आणला आहे.

आता एकच प्रश्न. कलमाखाली गाडी उभी करायची की नाही? दुसरी सावली नाही.

---

आमराई | ४ ऑक्टोबर, रात्री ९.१०

वहिनी, देवगडहून. आत्ता उभी करा, काही होत नाही. पण डिसेंबरात मोहोर फुटला की तुडतुडे येतात आणि पानांवरून चिकटा खाली पडतो. त्यावर धूळ बसून काळी बुरशी धरते, आणि उन्हात वाळला तर रंगावर डाग राहतो. डिसेंबर ते मार्च गाडी झाडाच्या कक्षेबाहेर काढा. अंगणात दोन बांबू आणि शेडनेट बांधा, दोन-अडीच हजारांत होतं. नेट झाडाखाली नको, बाजूला.

फवारणीच्या दिवशी तर गाडी रस्त्यावरच नेऊन उभी करा. औषधाचे थेंब काचेवर आणि रंगावर पडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, पुसू नका. चिकटा पडलाच तर खरवडू नका. कोमट पाण्यात भिजवलेलं जुनं सुती धोतर दहा मिनिटं त्यावर टाकून ठेवा, आपोआप सुटतो. पक्ष्यांच्या घाणीलाही तेच.

---

माजघर | ४ ऑक्टोबर, रात्री ९.३०

शेडनेट हिरवी घेऊ की पांढरी?

---

आमराई | ४ ऑक्टोबर, रात्री ९.३४

हिरवी, ७५ टक्के सावलीची. आणि पश्चिमेकडून थोडी खाली सोडा, दुपारचं ऊन तिकडून येतं.